ढिल्या बोल्टवरची पिवळी रेघ

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी माझ्या सायकलीचा डावा क्रँक भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातांनी वाया घालवला. क्रँक म्हणजे पायडल ज्याला बसतं तो दांडा. नवीन पायडलं आणली होती. उजवं मुकाट्यानं बसलं. डावं बसेना. मी लांब पाना घेतला, तरी बसेना. मग पान्यावर पाइप चढवला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. पायडल फिरलं खरं, पण दांड्याच्या भोकातले आटे भुगा होऊन फरशीवर पडले. ते चमचमणारं पीठ बघितलं तेव्हा आठवलं, की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यातल्या ग्राइंडरचा डावीकडचा नट उलट्या आट्यांचा असतो हे मी नव्या भरतीला वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. कुणी तो नट चुकीच्या बाजूला फिरवला की त्याला सगळ्यांसमोर उभं करून पुन्हा फिरवायला लावायचो. इथं सुदैवानं समोर कुणी नव्हतं. पण दांडा बदलायचा तर सायकल दुकानात न्यावीच लागते, आणि रावेत गावठाणात सायकलचं दुकान एकच, आबांचं.

आबा तिथले मूळचे. शेतं गेली, शेतांवर बिल्डिंगा आल्या, बिल्डिंगांत आबांचे फ्लॅट आले. तरी रोज सकाळी नऊला शटर वर करून ते पंक्चर काढत बसतात. घरी बसलं की सून टीव्हीवरच्या मालिका बघायला लावते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दांड्याच्या भोकात करंगळी घालून फिरवली आणि माझ्याकडं बघितलं.

"साहेब, कंपनीत काय करत व्हता तुमी?"

"क्वालिटीत होतो."

"म्हंजी?"

"दुसऱ्यांनी केलेलं काम नीट झालंय का ते तपासायचं."

"मंग बराय," आबा म्हणाले. "सोता करत न्हवता, म्हून गाड्या रस्त्यावर हायेत."

दुकानात आणखी दोघं बसले होते. ते हसले. मीही हसलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी डुंबरे. मूळचा जुन्नर तालुक्यातला. आयटीआय करून चाकणच्या पट्ट्यात आलो, फिटर म्हणून लागलो आणि पुढं क्वालिटीत गेलो तो निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो. आमची कंपनी छोट्या मालवाहू टेम्पोंचे पुढचे आस, म्हणजे अ‍ॅक्सल, बनवायची. नोकरीतल्या आठवणी लिहायच्या म्हटलं की माणूस आपण सोडवलेल्या अडचणी लिहितो. माझ्याकडंही त्या आहेत. पण मला इथं बालाजी सूर्यवंशीबद्दल लिहायचं आहे. मी एका रिपोर्टात लिहिलेल्या एका शब्दामुळं तो कंपनीत कायम व्हायचा राहिला. तो शब्द खोटा होता हे मला अकरा वर्षांनी, माझ्याच सायकलीमुळं कळलं. कळल्यावर ते त्याला जाऊन सांगायचं की गप्प बसायचं, हा प्रश्न मला महिनाभर पुरला.

सायकल मुलानं घेऊन दिली होती. गुडघ्यांसाठी चांगली असते म्हणाला. गिअरची होती. मी ठरवलं, हिचं सगळं काम आपणच करायचं. एवढी वर्षं मोठमोठी मशिनं खोलली, तर दोन चाकांचं काय मोठंसं! हे वाक्य मला बरंच महाग पडायचं होतं.

क्रँकनंतर साखळीचा नंबर लागला. मी ती काढून रॉकेलमध्ये धुतली, पुसली, पुन्हा चढवली. चालवायला घेतली तर मागून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. आमच्या धंद्यात आवाज आला की त्याच्या मुळाशी जायचं असतं. त्यासाठी कागदावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढायची आणि एकेका काट्यावर एकेक संशय लिहायचा. मी लग्नपत्रिकेच्या पाठीमागं ती काढली. बेअरिंग, दातेरी चाक, गिअरची तार, साखळीची लांबी असे सगळे संशय लिहिले आणि एकेक खोलून बघायला लागलो. तीन आठवडे गेले. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर सुटे भाग ओळीनं मांडलेले असत, आणि आमच्या घरात कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती.

शेवटी आबांकडं गेलो. त्यांनी मागचं चाक एकदा हातानं फिरवलं. आकृती त्यांना दाखवायचीच राहिली.

"ही बारकी पट्टी दिसती का? साखळी तिच्या आतल्या अंगानं जाती. तुमी भायेरनं घातलीया. ती पट्टीवर घासतीया, दुसरं काय न्हाई."

"तीन आठवडे शोधत होतो, आबा."

"शोधताना साखळीकडं बघायचं ऱ्हायलं आसंल," असं म्हणून त्यांनी चहा सांगितला.

ही चूक मी मान्य केली, कारण ती सरळ होती. माहीत नव्हतं, म्हणून चुकलो. माहीत असून आणि हात सरावलेला असूनही जी चूक होते ती वेगळी. ती सांगण्याआधी आमचं काम थोडं समजावून सांगायला हवं.

नट आवळणं हे बाहेरच्या माणसाला काम वाटत नाही. पण कमी आवळला तर तो धक्क्यानं सुटतो आणि जास्त आवळला तर आतला बोल्ट ताणून तुटतो. म्हणून किती जोर लावायचा हे ठरलेलं असतं. त्यासाठी एक खास पाना असतो. ठरलेला जोर झाला की तो टक् असा आवाज करतो आणि हाताला हलका झटका देतो. तो टक् आला की थांबायचं, आणि पिवळ्या रंगाच्या पेननं नटावरून खालच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे सही. नट पुढं हलला तर रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ आहे म्हणजे कुणीतरी तो नट आवळलेला आहे. पुढचा माणूस नट पुन्हा तपासत नाही, फक्त रेघ बघतो. या एका विश्वासावर सगळी लाइन चालते.

पूर्वी आमच्याकडं हे काम दोघं करत. एकजण आवळायचा, दुसरा हात लावून बघायचा आणि रेघ मारायचा. मी सुचवलं की एकाच माणसानं दोन्ही करावं, दुसरा माणूस दुसरीकडं वापरता येईल. माझी सूचना मान्य झाली. मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं आणि सूचनाफलकावर माझा फोटो लागला.

बालाजी त्याच जागेवर होता. लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचा. कंत्राटावर सहा वर्षं काढलेली. उंच, हसरा, कामाला एकदम साफ. त्याच्या जागेवर कधी तेलाचा थेंब दिसायचा नाही. त्या वर्षी कंत्राटातल्या काहीजणांना कायम करायचं ठरलं, आणि यादीत त्याचं नाव होतं. कायम होणं म्हणजे काय हे या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. कायम असलेल्याला बँक घरासाठी कर्ज देते, सोयरीक सांगून येते, आणि कामगार पुरवणाऱ्या एजन्सीवाल्यानं उद्यापासून येऊ नको म्हटलं तर काय, ही रोजची धास्ती जाते.

यादी वर जायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ग्राहक कंपनीकडून एक आस परत आला. त्याच्या एका नटावर रेघ होती, पिवळी, सरळ, सुबक. नट मात्र हातानं फिरत होता. टेम्पो अजून त्यांच्या कारखान्याबाहेर गेला नव्हता, हे सगळ्यांचं नशीब. चौकशी माझ्याकडं आली. कोणत्या शिफ्टला त्या जागेवर कोण होतं हे रजिस्टरवरून लगेच कळलं. मी बालाजीला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"ही रेघ तुझी?"

"माझीच आहे, साहेब."

"मग नट ढिला कसा?"

"तेच कळंना गेलंय. मी टाईट केलोच असणार की."

"असणार?"

"दिवसभर तेच करतो साहेब, एकेक कसं ध्यानात राहील? मधीच कुणीतरी हाक मारलं असंल. वळून बघितलो असन, आणि हात पुढं गेला असंल. मला तर टक् वाजलेलं बी आठवतंय. मुद्दाम नाही केलो, आईच्यान."

त्याचा आवाज स्थिर होता. हात मात्र मांडीवर घट्ट दाबून धरलेले होते. मी ते बघितलं आणि त्याचा मला हवा तो अर्थ लावला.

रिपोर्टच्या फॉर्मवर शेवटी मूळ कारण लिहायचं असतं. तिथं तीन पर्याय होते: पद्धतीतला दोष, नजरचूक आणि जाणूनबुजून. मी तिसरा निवडला आणि खाली लिहिलं, 'कामगाराने नट न आवळता जाणूनबुजून खोटी रेघ मारली.' माझं म्हणणं असं, की रेघ आपोआप उमटत नाही. पेन उचलावं लागतं, टोपण काढावं लागतं, हात न्यावा लागतो. एवढं सगळं माणूस नकळत कसं करेल? तो टक्-चा आवाज आठवतो म्हणाला, हेही मी त्याच्या विरोधातच धरलं. न वाजलेला आवाज आठवतो म्हणणारा माणूस खोटंच बोलत असणार.

पहिला पर्याय लिहिला असता तर पद्धत कुणाची, हा प्रश्न आला असता. पद्धत माझी होती. आवळणारा आणि रेघ मारणारा एकच असावा, हे मीच सुचवलेलं. त्या वेळी हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण आलं होतं. मी पेन हातात घेऊन थोडा वेळ बसलो होतो. मग लिहिलं.

बालाजीचं नाव यादीतून निघालं. पुढच्या महिन्यात एजन्सीनं त्याला दुसरीकडं पाठवलं. जाताना तो माझ्या केबिनपाशी थांबला नाही. मला ते बरंच वाटलं. मी त्याला विसरलो असं म्हणणार नाही, पण त्याची रोज आठवण काढत बसलो असंही नाही. माणूस बहुतेक गोष्टींबरोबर राहायला शिकतो.

आता सायकल. निवृत्त होताना मी एक पिवळं पेन घरी घेऊन आलो होतो. सायकलीचा प्रत्येक नट आवळला की त्यावर रेघ मारायची, ही सवय हातातून गेली नव्हती. आमच्या सौ. म्हणायच्या, "हळद लावलीत का सायकलीला? मुहूर्त कधीचा आहे?" मी लक्ष द्यायचो नाही. खरं सांगायचं तर पिवळ्या रेघांची ती सायकल बघून मला बरं वाटायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या सायकलीला असा शिस्तीचा दागिना नव्हता.

पार्किंगला रंग द्यायचा निघाला तेव्हा सायकल चार दिवस घरात ठेवायची वेळ आली. गॅलरी अरुंद, म्हणून मी हँडलच्या खालचे दोन बोल्ट ढिले केले आणि हँडल चाकाला समांतर वळवून सायकल भिंतीला टेकवली. हे दोन बोल्ट हँडलला पुढच्या चाकाशी बांधून ठेवतात. रंगाचं काम झालं, मी हँडल सरळ केलं, डोळा लावून नीट बघितलं, बोल्टमध्ये चावी घातली. तेवढ्यात बेल वाजली. गॅस सिलिंडर आला होता. तो घेतला, वजन करून घेतलं, रिकामा दिला, परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला निघालो.

चौकात डावीकडं वळायचं होतं. मी हँडल वळवलं. हँडल माझ्या मनासारखं डावीकडं गेलं, आणि चाक आपल्या मनासारखं सरळ गेलं. पुढं भाजीवालीची हातगाडी होती. मी मेथीच्या जुड्यांवर पडलो, तिथून खाली आलो, आणि डावा हात अंगाखाली आला.

भाजीवालीनं आधी मेथी बाजूला केली, मग मला उठवलं. "आजोबा, हँडल तिकडं, चाक हिकडं. तुमचं नक्की जायाचं कुटं ठरलं व्हतं?"

लोक जमले, कुणी पाणी दिलं. मी मात्र खाली बसूनच सायकल जवळ ओढली. हँडल पुढच्या चाकाशी तिरकं झालेलं. दोन्ही बोल्टांवर ताजी पिवळी रेघ होती. सरळ, सुबक. मी बोट लावलं, आणि बोल्ट बोटानं फिरला.

मनगटाला बारीकशी चीर गेली होती. प्लॅस्टर घालून घरी आलो आणि सौ.ना विचारलं, "त्या दिवशी मी बोल्ट आवळताना तू बघितलंस ना?"

"तुम्ही चावी तशीच ठेवून सिलिंडर घ्यायला गेलात. परत आलात ते पिवळं पेन घेऊन रेघा मारत बसलात. मला वाटलं, तुम्ही आहात म्हणजे आवळलं असणारच."

"मी आवळलं होतं. मला टक् आवाज आलेला आठवतोय."

हे बोललो आणि माझी नजर चावीवर गेली. घरी माझ्याकडं टक् करणारा पाना नाही. साधी वाकडी चावी आहे. तिला कसलाच आवाज नाही. तरी मला तो आवाज ऐकू आलेला आठवत होता, आजही आठवतो. कोर्टात शपथेवर सांगितला असता. हातानं आपली पुढची पायरी गाठली होती आणि मधली गाळलेली पायरी डोक्यानं माझ्यासाठी भरून काढली होती, आवाजासकट. काचेच्या केबिनमधला माणूस हेच सांगत होता.  लाज वाटली, आणि ती मेथीच्या जुड्यांवर पडल्याची नव्हती.

सौ.ना बालाजीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता जाऊन काय सांगणार? त्याचं गेलेलं परत येणार आहे का? उगाच त्याची खपली काढाल आणि स्वतः हलके होऊन याल." यातलं शेवटचं मला लागलं, कारण ते खरं असण्याची शक्यता होती. महिनाभर मी रोज उलटसुलट ठरवत राहिलो. मग जुन्या कॅन्टीनवाल्याकडून बालाजीचा नंबर मिळवला. फोनवर मी नाव सांगितलं, भेटायला येऊ का विचारलं.

"या की साहेब," तो म्हणाला. "रविवारी घरीच असतो मी."

प्लॅस्टरचा हात घेऊन बसनं गेलो. चाकणजवळच्या निघोज्यात गावच्या शेतकऱ्यांनी कामगारांसाठी खोल्यांच्या इमारती बांधल्यात, त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर तो राहतो. केस पिकलेत, अंगानं वाळलाय. सध्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे, एजन्सीकडूनच. त्याची बायको सविता एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. मुलगी दहावीला, ती क्लासला गेली होती. सवितानं मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि पाणी आणायला म्हणून आत गेली.

"हाताला काय झालं?" बालाजीनं विचारलं.

मी सायकलीपासून सुरुवात केली. मेथीपर्यंत आलो तेव्हा तो मोकळेपणानं हसला. मग मी रेघेचं सांगितलं, न वाजलेल्या आवाजाचं सांगितलं. म्हटलं, "तू खरं बोलत होतास. मुद्दाम केलं नव्हतंस. माझ्याही हातून तेच झालं, तसंच झालं."

तो चादरीवरचा दोरा ओढायला लागला.

"साहेब, खरं सांगू? पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना सांगायचो, मुद्दाम नाही केलो म्हणून. मग सोडून दिलो. तुम्ही एवढे जाणते, तुम्ही लिहिलाव म्हणजे असंल बी. मला बी तसंच वाटायलं. कंटाळा आला असंल, मारलो असन रेघ मीच, आणि आता लपवायलोय. घराला कुलूप लावलो तरी चारदा ओढून बघतो. माझा माझ्यावर भरवसाच राहिला नाही बघा."

मी एका शब्दानं त्याची नोकरी घालवली, एवढाच हिशेब घेऊन इथवर आलो होतो. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

सविता दारात उभी राहून ऐकत होती. हातात चहाचा ट्रे तसाच. तिनं तो खाली ठेवला.

"मग तुमच्यावर कुणी लिहिलं?" तिनं मला विचारलं.

"काय?"

"ह्यांच्या हातनं झालं तर तुम्ही लिहिलाव. तुमच्या हातनं झालं ते कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही."

"सविता, राहू दे," बालाजी म्हणाला.

"का राहू दे? ह्यांचं कागदावर झालं आणि आता नुसतं तोंडावर? मी अकरा वर्षं ह्यांना बोलायलेय. भांडण झालं की तेच. लोकांची माणसं कायम झाली, तुम्हालाच रेघ मारायची घाई. भावाच्या लग्नात मी समद्यांपुढं बोलले. तुम्ही आज येऊन सांगता, आणि उद्या मला वाटंल, साहेब मन राखायला बोलून गेले. लिहून द्या."

तिनं मुलीची वही आणली आणि मधलं एक पान फाडून माझ्यापुढं ठेवलं. उजवा हात धड होता. मी लिहायला घेतलं. वर तारीख, मग माझं नाव, त्या वेळचा हुद्दा. घटना काय, चौकशी कशी केली, रिपोर्टात काय लिहिलं, ते का चुकीचं होतं. मूळ कारण या शब्दांखाली लिहिलं, 'पद्धतीतला दोष. आवळणे आणि रेघ मारणे ही दोन कामे एकाच माणसाकडे देण्याची सूचना माझी होती. हे चौकशीच्या वेळी मला माहीत होते आणि मी लिहिले नाही.' हे वाक्य मी तोवर कुणालाही, अगदी सौ.नासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. पुढं लिहिलं, की बालाजी सूर्यवंशी यांच्याकडून झाली ती नजरचूक होती. खाली सही केली. पान गच्च भरलं.

सवितानं ते ओळीखाली बोट धरून वाचलं. माझ्या सूचनेच्या ओळीवर बोट थांबलं. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग घडी घालून मुठीत धरलं आणि नवऱ्याकडं वळली.

"मी उगंच बोलत आले तुम्हाला," ती म्हणाली. "चुकलं माझं."

बालाजी उठला आणि बाहेरच्या गॅलरीत जाऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. सविता आत गेली नाही आणि त्याच्यामागंही गेली नाही. मी चहाचा कप हातात घेऊन बसलो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की भरगच्च पानभर मी सगळं लिहिलं होतं, आणि तिनं आत्ता म्हटले ते दोन शब्द त्यात कुठंच नव्हते. तसा रकाना आमच्या फॉर्मवर नसायचा.

मी कप ठेवला आणि गॅलरीत गेलो. तो खाली रस्त्याकडं बघत होता. त्याच्या शेजारी उभा राहिलो. शब्द तोंडाशी यायला वेळ लागला, एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांची सवयच नव्हती.

"बालाजी, माझं चुकलं."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"होय साहेब," तो म्हणाला. "चुकलं तुमचं."